एकच धवला

आमच्या घरात ‘नाय’ हा शब्द बंद झाला तो आम्ही खांदा कॉलनीत राहायला आलो तेव्हा. त्याआधी जासईच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या आमच्या गावात सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत हाच शब्द कानावर असायचा. नाय येत, नाय खात, मना नाय ठाव. आई चुलीपुढून ओरडायची, ताई अंगणातून उत्तर द्यायची, आणि दोघींच्या मधून मिठागरावर निघालेला कोणीतरी तिसराच माणूस उगाच ‘नाय गो नाय’ म्हणत जायचा. कॉलनीतल्या घराला दोन खोल्या होत्या, स्वयंपाकघरात ओटा होता आणि भिंतीपलीकडे पुण्याहून बदलून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांचा कुकर, त्यांचा रेडिओ, तिथल्या काकूंचं मुलाला पाढे म्हणायला लावणं, सगळं आम्हाला ऐकू यायचं. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी भिंतीला कान लावल्यासारखं करून ते ऐकलं आणि आम्हाला समोर बसवलं. म्हणाले, “आपल्याला त्यांचं ऐकू येतं, म्हणजे त्यांनाही आपलं ऐकू जातं. आजपासून या घरात शुद्ध बोलायचं.”

बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. गावातले पहिले शिकलेले. नाकासमोर चालणारे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे, कधी दारूच्या थेंबाला न शिवलेले. लोक आईला म्हणत, पारू, तुझं नशीब थोर. त्यांनी नियम केला आणि स्वतःपासून पाळला. रोज जेवायच्या आधी मी आणि सुरेखाताई त्यांच्यापुढे उभ्या राहायचो. तळहात तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचं: आम्ही, तुम्ही, आहे, नाही. प्रत्येक ‘ह’ला तळहातावर वाफ लागली पाहिजे. नाही लागली तर त्याच तळहातावर फूटपट्टी. मग पाणी, लोणी, डोळा, गाडी. जेवताना कोणाच्या तोंडून चुकून ‘नाय’ गेलं की बाबा काही बोलत नसत. हात लांब करून त्याच्या ताटातली माशाची तुकडी उचलत, आपल्या ताटात ठेवत आणि शांतपणे, काटे काढून, आमच्यासमोर खात. पाळी बहुतेक ताईवरच यायची. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तिच्या जिभेवर गाव जास्त मुरलेलं. काही महिने तिने नुसता भात आणि आंबट कालवण खाल्लं असेल. नंतर ती जेवताना बोलेनाशीच झाली.

आईला फूटपट्टी नव्हती. तिला ते फक्त उत्तर देत नसत. “पानी देऊ?” असं तिने विचारलं की बाबा वर्तमानपत्रात बघत राहायचे. ती पुन्हा विचारायची, पुन्हा काही नाही. मग ती दाराच्या चौकटीला टेकून, हातात तांब्या घेऊन, ओठातल्या ओठात जुळवाजुळव करायची आणि म्हणायची, “पाणी देऊ?” मग ते मान वर करून अगदी गोड आवाजात म्हणायचे, “दे ना.” एकदा निवट्या, खाडीतली छोटी मासळी, तळताना तेल उडून तिच्या मनगटावर आलं. आई किंचाळली, “आयो! हात पोलला गो!” बाबा धावत आत गेले, मलमाची ट्यूब शोधून आणली, झाकण काढलं आणि ट्यूब हातात धरून तसेच उभे राहिले. “पोळला म्हण,” ते म्हणाले. आईला आधी कळलंच नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मनगटावर फोड वर येत होता. “पो-ळ-ला. जीभ मागे वळव.” तिने जीभ वळवली. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ती “पोळला” म्हणाली तेव्हा बाबांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि इतक्या हलक्या बोटाने मलम लावलं की मला माझ्या बापाबद्दल काय वाटतंय हेच मला कळेना. आज इतकी वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवते आहे, ळ आणि ल यांतला फरक फळ्यावर शेकडो मुलांना समजावून सांगितला आहे, आणि बाबांबद्दल काय वाटतं ते अजून नीट कळलेलं नाही.

ते असे का झाले ते त्यांनीच एकदा ताईला सांगितलं होतं. गुरुजी होण्याचं शिक्षण घेत असताना त्यांना परीक्षेसाठी तिसरीच्या वर्गावर धडा घ्यायचा होता. पाण्याची रूपं. ते फळ्यापुढे उभे राहून म्हणाले, “मुलांनो, पानी तीन प्रकारचा असतो.” मागे बसलेल्या परीक्षकांनी त्यांना थांबवलं, मुलांना विचारलं, काय चुकलं सांगा, आणि मग तिसरीतली ती पोरं एकेक करून उभी राहिली आणि बाबांना शिकवायला लागली. पाणी. पाणी. पाणी. शेवटी परीक्षकांनी बाबांना बाकावर बसायला लावलं आणि एका पोरीकडून उरलेला धडा वाचून घेतला. “माझ्या मुलींना कोणी असं बसवणार नाही,” ते म्हणाले. हे त्यांनी खरं केलं. मला कोणी कुठेही बसवलं नाही. मुलाखतीत, व्यासपीठावर, कुठेच नाही. हे मी त्यांचं ऋण म्हणून लिहिते. ते खोटं नाही. पण ते फेडायचं कसं हे मला कधीच उमगलं नाही, कारण त्याची किंमत आईने चुकवलेली होती.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीची गाणी असतात, ते धवले. एक बाई पुढे गाते, बाकीच्या बायका तिच्यामागून म्हणतात, आणि ती थांबली की विधीही थांबतो. आईने ते तिच्या आईकडून घेतलेले. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. एरवी बारीक आवाजात बोलणारी ही बाई मांडवात उभी राहिली की तिचा गळा छातीच्या खालून कुठूनतरी निघायचा. मी लहान असताना तिच्या लुगड्याला धरून उभी राहायचे तेव्हा कापडातून तो आवाज माझ्या गालाला लागायचा. उरणच्या बाजूच्या चार-पाच गावांतून तिला बोलावणी येत. कॉलनीत आल्यावरही येत राहिली. त्या दिवशी ती एकटी बसने जायची आणि परत यायची तेव्हा अंगाला हळदीचा आणि विड्याचा वास असायचा, आणि एखादा तास ती बाबांना न घाबरता बोलायची.

आमच्या समाजातल्या शिकलेल्या लोकांचं एक मंडळ होतं आणि बाबा त्याचे चिटणीस. मुलांना वह्यावाटप, गुणवंतांचा सत्कार, हुंड्याविरुद्ध भाषणं, अशी चांगली कामं ते करत. ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी कोणीतरी काढलं की आपले धवले गावोगाव वेगळे आहेत. एका गावात एक ओळ आहे ती दुसऱ्यात नाही, कुठे ‘हलद’ म्हणतात, कुठे ‘अलद’. शहरातले पाहुणे हसतात, आपली मुलंही आता लाजतात. तेव्हा सगळ्या गावांसाठी शुद्ध भाषेत एकच धवला तयार करायचा, छापायचा, आणि समाजातल्या प्रत्येक लग्नात तोच म्हणायचा. काम बाबांकडे आलं. त्यांनी पंधरवडाभर रोज संध्याकाळी आईला पुढ्यात बसवून तिच्याकडून सगळे धवले उतरवून घेतले. आई खुलली होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने तिला काही विचारलंय आणि तो लिहून घेतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं. शब्द आठवेना की ती डोळे मिटून पूर्ण चाल गायची, आणि बाबा पेन थांबवून वाट बघायचे.

मग एका रविवारी समितीची बैठक आमच्याच घरी झाली. एक वकील, एक मुख्याध्यापक, बँकेत असलेले एक गृहस्थ, बाबा, आणि गावाकडचा जुना माणूस म्हणून माझा मामा, हिराजी. मामा मिठागरावर राबलेला, टाचांना कायमच्या भेगा. तो सोफ्याच्या कडेवर, सोफा मळणार नाही अशा बेताने बसला होता. बाबांनी आईचा पहिला धवला वाचून दाखवला:

मांडवाचे दारी गो, हलद कोनी वाटली
हलद वाटली आयशीनं, डोल्यांशी पानी दाटली

आणि मग त्याचं शुद्ध रूप:

मंडपाच्या द्वारी गं, हळद कोणी वाटली
हळद वाटली मातेने, नयनी आसवे दाटली

“वा,” मुख्याध्यापक म्हणाले. “आता कसं साहित्य झालं.”

मामा सोफ्यावर आणखी पुढे सरकला. मग म्हणाला, “दाजी, माता कोन?”

“माता म्हणजे आई.”

“ते मना ठाव हाय. पन आमचे घरान माता कोनाला बोलतान? देवलातली ती माता. हलद वाटते ती आयस.”

वकील हसले. “हिराजीभाऊ, आयस छापलं तर लोक काय म्हणतील?”

“लोक मंजे कोन? लगीन आमचा, पोरगी आमची.” मामाने स्वयंपाकघराकडे हात केला. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “तिला इचारा ना. गानार ती हाय.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “ती काय सांगणार? ती फक्त गाते.” ते रागाने म्हणाले नव्हते. घड्याळात किती वाजले हे सांगावं तसं म्हणाले. आईने ट्रे टेबलावर ठेवला, प्रत्येकाच्या हातात कप दिला आणि आत गेली. मग हात वर करून मतं घेतली. मामाचा हात मांडीवरच राहिला. “एक विरोध,” वकील म्हणाले, “बाकी मंजूर.” त्या दुपारी त्यांनी एकेक शब्द घेतला आणि संध्याकाळपर्यंत ‘मना’, ‘तुना’, ‘आयस’, ‘गो’ सगळे गेले. हा नवा धवला पहिल्यांदा म्हणायचा तो चिटणिसांच्याच मुलीच्या लग्नात, हेही ठरलं. ताईचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं.

ते दोन महिने मी दहावीचा अभ्यास करत होते आणि बाहेरच्या खोलीत आईचा अभ्यास चालला होता. बाबा ओळ वाचायचे, आई म्हणायची. चुकली की बाबा फूटपट्टी टेबलावर आपटायचे, तिच्या अंगाला कधी लावली नाही. पण ती दर वेळी हात मागे घ्यायची. “चालीत नाही बसत हो,” ती म्हणायची. “आसवे म्हणताना श्वास संपतो.” बाबा म्हणायचे, “मग चाल बदल.” ती रात्री झोपेत पुटपुटायला लागली. भाजी निवडताना पुटपुटायची, कपडे वाळत घालताना पुटपुटायची. जुनी ओळ तोंडात आली की स्वतःच स्वतःच्या गालावर चापट मारायची. एका दुपारी ताई तिच्या कुशीत शिरून रडली. “आय, मना तुजाच पायजे. तो नको.” कॉलनीत आल्यापासून ताईच्या तोंडून इतके शब्द मी एकदम ऐकले नव्हते. आईने घाबरून आधी भिंतीकडे पाहिलं, मग ताईच्या तोंडावर हात ठेवला. “हळू,” ती म्हणाली. “आणि आय नाही, आई म्हण.”

लग्न कॉलनीतल्याच मैदानावर होतं. मुलाकडचे ठाण्याचे, आमच्याच समाजातले, मुलगा कंपनीत, सासरे साहेबी थाटाचे. हळदीच्या सकाळी ताई पाटावर बसली. गावाकडून टेम्पो भरून बायका आल्या होत्या, मामी त्यांच्यात पुढे, आणि मुलाकडचेही हळदीला आले होते. बाबांनी लाऊडस्पीकर लावला होता आणि बँकेतले गृहस्थ आईच्या तोंडापुढे माईक धरून उभे होते. आईने कधी माईकवर गायलेलं नव्हतं. तिने पहिली ओळ म्हटली, मंडपाच्या द्वारी गं. बरोबर म्हटली. मैदानभर आवाज गेला. आणि तिच्यामागून, सवयीने, गावच्या बायकांनी एका सुरात उचललं: मांडवाचे दारी गो. दोन्ही ओळी हवेत एकमेकींवर आदळल्या. मुलाकडच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी बायकांकडे बघून जोरात हात हलवला, गप्प राहा, आणि त्या एकदम गप्प झाल्या. धवला मागून म्हणणारं कोणी नसलं तर तो कसा गायचा हे आईला माहीत नव्हतं. ती एकटीच पुढे गेली. हळद वाटली... आणि मग “आयशी—” एवढं तोंडातून आलं. तिने बाबांकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं, हळद वाटली मा... थांबली. पुन्हा हळद. पुन्हा थांबली. लाऊडस्पीकरमधून तिचा नुसता श्वास येत होता, मोठा, फुटका, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. ताईच्या अंगाला हळद लावणारे हात जिथल्या तिथे थांबले होते, कारण धवला थांबला की विधी थांबतो.

बाबा उठले. त्यांनी गृहस्थांच्या हातातून माईक घेतला, खिशातून छापील पुस्तिका काढली आणि तिथून पुढचे सगळे धवले वाचून काढले. गायले नाहीत, वाचले. शाळेत धडा वाचावा तसे, प्रत्येक ण आणि ळ सुटा, प्रत्येक ‘ह’ला वाफ. बायका त्या वाचनावर हळद लावत राहिल्या. आई त्यांच्या शेजारी हात बांधून उभी होती, तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी मुलाकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “गुरुजी, समाजाला वळण लावलंत.” ताईच्या चेहऱ्यावरची हळद डोळ्यांखाली धुऊन गेली होती. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते.

आता आमच्या बाजूची मुलं गाड्यांवर ‘आमी’ लिहून मिरवतात. लग्नात डीजेवर आगरी गाणी लागतात आणि पुण्या-मुंबईचे पाहुणेही त्यावर नाचतात. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कोणी तसं बोललं की टाळ्या पडतात. मी पहिल्या रांगेत बसलेली असते आणि टाळ्या वाजवते. मंडळाची ती पुस्तिका पुढे फारशी कोणी वापरली नाही. ती समितीही मोडली. एवढं सगळं बदलायला फार वर्षं लागली असंही नाही. आईला तेवढी मिळाली नाहीत, ती लवकर गेली.

पण त्याआधी एकदा तिला बोलावणं आलं. मामाच्या मुलीचं लग्न होतं, गावात, मंडळाबिंडळाचं काही नसलेलं. बाबांनी जाऊ दिलं. आईने हिरवं लुगडं काढलं, केसात अबोली माळली. बसमध्ये ती माझ्याशी बोलत नव्हती, खिडकीतून बघत हलकेच ओठ हलवत होती, आणि मला वाटलं, जुनं आठवते आहे. रस्त्याला कंटेनरचे ट्रक एकामागे एक उभे होते, बस पुढे सरकत नव्हती, पण तिला घाई नव्हती. मांडवात पोचल्यावर बायकांनी तिला पुढे घेतलं, हातात हळदीची वाटी दिली. कोणी जुना विषय काढला नाही. मामी म्हणाली, “चल पारू, धर.”

आईने डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. आणि गायली, “मंडपाच्या द्वारी गं...”

ती स्वतःच दचकली. बायका थांबल्या. तिने मान हलवली, पुन्हा सुरू केलं, “मांड...” आणि मग काही केल्या पुढचा शब्द येईना. आला तो ‘हळद’ आला, स्वच्छ, ळ मागे वळवून. पुन्हा केलं. पुन्हा तोच. दोन महिने रात्रंदिवस घोटलेलं तिच्या घशात इतकं घट्ट बसलं होतं की त्याच्याखालचं जुनं तिला उपसून काढता येईना. मागे बसलेली एक म्हातारी हसली. “पारू, तू त मास्तरीन झालीस गो!” सगळ्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लग्नघरात हसतात तशाच हसल्या. आईही त्यांच्याबरोबर हसली आणि हसता हसता चौथ्यांदा गाऊन पाहिलं. मग मामीने तिच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली आणि शेजारच्या घरातल्या एका तरुण बाईच्या हातात दिली. त्या बाईने धवला उचलला आणि सगळा मांडव तिच्यामागून गायला लागला. मामा खांबाजवळ उभा होता. समितीत एकट्याने आईची बाजू घेतलेला माझा मामा. आईने त्याच्याकडे पाहिलं. “रावदे पारू,” तो म्हणाला. “बस तू आता.” आणि पाहुण्यांना खुर्च्या द्यायला निघून गेला. आई बसली. तिने मागून म्हणायचाही प्रयत्न केला नाही.

आम्ही जेवायला थांबलो नाही. घरी आलो तेव्हा संध्याकाळ होती, शेजारच्या काकूंकडे बातम्या लागल्या होत्या. बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. “इतक्या लवकर?” त्यांनी विचारलं. आईने चपला काढल्या, केसातली अबोली काढून ओट्यावर ठेवली आणि आतूनच, सावकाश, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, “मला आता कोणीही बोलावणार नाही.”

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता.

“बघ,” ते मला म्हणाले. “एकही चूक नाही.”